एका कागदावरची एकोणीस भोकं

टण्ण!

दुपारची शांतता इतकी गाढ होती की तो आवाज शेजारच्या इमारतीतही ऐकू गेला असावा. नाणं फरशीवर पडलं, दोनदा उसळलं, घरंगळत पलंगाखाली गेलं आणि तिथं पोचल्यावरही, आपलं पडणं अजून पुरतं झालेलं नाही अशा थाटात, बराच वेळ स्वतःभोवती घरघरत राहिलं.

ग्रंथपालबाई खोलीच्या मधोमध जागच्या जागी थिजल्या. अंगात नवऱ्याचा हिवाळी कोट, कोटावर स्वतःचा स्वेटर, कमरेला घट्ट आवळलेला पट्टा आणि उजव्या खांद्याला टेकवलेला पडद्याचा दांडा. दांड्याचं दुसरं टोक समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्याकडे रोखलेलं. त्या टोकावर आत्ता दोन क्षणांपूर्वीपर्यंत ते नाणं विराजमान होतं. एकोणचाळीस सेकंद झाले होते. साठ व्हायला हवे होते.

पलंगावरची पाच वर्षांची भिंगरी उठून बसली. तिला घरात खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. जी मुलगी झोपेतसुद्धा पलंगावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, तिला दुसरं काय म्हणणार?

"आई, तू कुणाला मारतेयस?"

"कुणाला नाही गं. झोप तू."

"मग दांडा का धरलायस?"

"स्थिर उभं राहायला शिकतेय."

भिंगरीनं जरा विचार केला. "आम्हाला शाळेत स्थिर उभं करतात ते शिक्षा म्हणून. तू काय केलंस?"

हाच प्रश्न बाई गेले चार दिवस स्वतःला विचारत होत्या. काय केलं होतं? तर एक किल्ली जपून ठेवली होती. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

बाई महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल. ग्रंथालयाच्या मागं एक लांबलचक, बोळासारखी खोली आहे. तिच्या एका टोकाला लोखंडी कपाट आणि दुसऱ्या टोकाला निशाणाचे कागद लावायच्या तीन चौकटी. महाविद्यालयाचा रायफल क्लब म्हणतात तो हाच. छऱ्यांच्या तीन रायफली आणि त्या चालवणारे तीन विद्यार्थी. क्लब सांभाळणारे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी काउंटरवर एक पुस्तक परत केलं, पुस्तकावर कपाटाची किल्ली ठेवली आणि "हीसुद्धा घ्या" म्हणून निघून गेले. बाईंनी पुस्तक जमा करून घेतलं आणि किल्ली खणात टाकली. आठवड्याभरात प्राचार्यांचं एका ओळीचं पत्र आलं. किल्ली ज्या अर्थी आपल्याकडे आहे त्या अर्थी क्लबप्रमुखही आपणच आहात.

त्या रायफलींची एक गंमत सांगायलाच हवी. फार पूर्वी कुणा कर्तव्यकठोर ग्रंथपालानं, ग्रंथालयाच्या हद्दीत आहे म्हणजे नोंद झालीच पाहिजे, म्हणून त्या तिन्ही रायफली पुस्तकांच्या नोंदवहीत चढवल्या होत्या. प्रत्येकीला दाखल क्रमांक. दस्त्यावर ग्रंथालयाचा गोल शिक्का आणि परतीच्या तारखांची चिठ्ठी. लेखकाच्या रकान्यात 'अज्ञात', पानांच्या रकान्यात 'नाहीत' आणि शेऱ्यात 'बांधणी मजबूत'. त्यामुळे आजही रायफल हवी तर ती ग्रंथालयाच्या कार्डावरच मिळते, आणि एका कार्डावर एका वेळी एकच वस्तू. क्लबातला चष्मिस म्हणून ओळखला जाणारा मुलगा तीन वर्षं सांगत होता की आपलं अर्थशास्त्र कच्चं राहिलं ते नेमबाजीपायी. त्याचा नेम कशापायी कच्चा राहिला, हे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

तर क्लब बाईंकडे आला आणि पाठोपाठ नेमबाजी महासंघाचं परिपत्रक आलं. हंगाम पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू. यंदापासून प्रत्येक क्लबप्रमुखाकडे महासंघाचं प्रमाणपत्र असणं आवश्यक. त्यासाठी प्रमुखानं स्वतः दहा छर्रे झाडून शंभरपैकी साठ गुण मिळवावेत. प्रमाणपत्र नाही तर संघ नाही.

परिपत्रक वाचून बाईंनी ते घडी घालून नोंदवहीत ठेवलं आणि विषय मिटला असं समजल्या. पण दुसऱ्या दिवशी काउंटरसमोर कप्तान येऊन उभी राहिली. ही शेवटच्या वर्षाची मुलगी, क्लबातली एकमेव जिचा छर्रा जिथं पाठवावा तिथं जातो.

"मॅडम, पहिल्या वर्षी माझा हात मोडला होता."

"अरेरे."

"दुसऱ्या वर्षी सरांनी अर्ज एक दिवस उशिरा पाठवला."

"अगं बाई."

"पुढच्या वर्षी मी इथं नसेन. आणि संघ गेला नाही तर क्लबच बंद करणार आहेत. प्राचार्यांना त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसवायचंय." मग तिनं आवाज खाली आणला, कारण समोर 'शांतता राखा'ची पाटी होती. "यंदा नाही तर मग नाहीच, मॅडम."

"होईल गं," बाई म्हणाल्या.

हे 'होईल गं' त्यांच्या तोंडून असंच सुटतं. भिंगरी तुटलेलं खेळणं घेऊन आली की होईल गं, नवरा हरवलेली फाइल शोधायला लागला की होईल रे. त्या दिवशीही सुटलं. फक्त समोरची मुलगी पाच वर्षांची नव्हती. तिनं ते खरं मानलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की शब्द मागं घ्यायची सोयच राहिली नाही. परीक्षेला चौदा दिवस होते.

कप्तानानं त्याच दिवशी शिकवणी सुरू केली. रायफल काही तिनं हातात दिली नाही.

"आधी उभं राहायला शिका, मॅडम."

"एकतीस वर्षं उभी राहतेच आहे की मी."

"तशी नाही. तुम्ही डुलता."

"मी? डुलते?"

चष्मिसनं मान हलवली. तिसरा मुलगा, ज्याला सगळे लेटलतीफ म्हणत, तो नुकताच आत येत होता. त्यालाही दारातूनच दिसलं. "डुलता, मॅडम. कडेवर मूल असल्यासारख्या. काउंटरवरपण डुलता. आम्हाला वाटायचं गाणं म्हणताय."

बाईंनी खाली पाहिलं. खरंच की. उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय. भिंगरी कडेवरून उतरून दोन वर्षं झाली होती. कमरेला ते कुणी कळवलंच नव्हतं. बाईंना उगाचच डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं आणि आपल्याला वाईट वाटतंय की हसू येतंय हेच त्यांना कळेना.

उपाय कप्तानानं सांगितला. नळीच्या टोकावर नाणं ठेवायचं, भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर लावायची आणि एक मिनिट नाणं पडू द्यायचं नाही. सगळे नेमबाज असंच करतात म्हणे. रायफल घरी नेता येत नाही, म्हणून पडद्याचा दांडा, आणि नेमबाजांच्या जाड जाकिटाऐवजी नवऱ्याचा कोट. मुलगी झोपली की तेवढा वेळ. पहिल्या दिवशी नाणं तीन सेकंद टिकलं. दुसऱ्या दिवशी अकरा. आणि तिसऱ्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं की त्या सेकंदांत आपल्याला कुणी हाक मारत नाही. आपणही कुणाला हाक मारत नाही. समोर ठिपका, मागं आपण. इतकी ऐसपैस जागा त्यांना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

पण खिडकी उघडी होती. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी पाहिलं की पलीकडच्या घरात कुणीतरी कोट घालून आपल्या बाल्कनीच्या दिशेनं नळी रोखतंय. त्यांनी खालच्या मजल्यावर सांगितलं, खालच्यांनी जिन्यात सांगितलं, आणि चौथ्या दिवशी, नाणं पलंगाखाली गेलं त्याच संध्याकाळी, वरच्या मजल्यावरचे मोजणीकाका चौकशीला हजर झाले. काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त.

"नेमबाजी?" सगळं ऐकून ते एकदम खुर्चीच्या कडेला आले. "अहो, मग मला का नाही विचारलंत? बत्तीस वर्षं मी एका डोळ्यानं जग पाहिलंय. दुर्बिणीतून. पहिली गोष्ट, तुमचा मालक डोळा कुठला?"

"मालक?"

"दोन डोळ्यांत एक मालक असतो, दुसरा मदतनीस. हात पुढं करा. बोटांचा त्रिकोण करा. त्रिकोणातून तो दिवा बघा. आता एक डोळा मिटा. दिवा गेला?"

"गेला."

"आता दुसरा मिटा."

"आला. नाही, गेला. थांबा, कुठला मिटलाय मी?"

पाच मिनिटांत सगळं घर दिव्याखाली बोटांचे त्रिकोण करून उभं होतं. नवऱ्याचा मालक उजवा निघाला आणि उगाचच त्याची छाती फुगली. भिंगरीला एक डोळा मिटताच येईना. ती दोन्ही मिटून "मला सगळं दिसतंय" म्हणत होती. सासूबाईंनी त्रिकोण करायलाच नकार दिला. "माझे दोन्ही मालक आहेत. मला या वयात त्यांच्यात भांडणं लावायची नाहीत."

बाईंचा मालक डावा निघाला.

"हात उजवा, डोळा डावा," काका गंभीर झाले. "म्हणजे एका घरात दोन कारभारी. नेम लागायचा नाही."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणायचं की दंगल, हे ज्यानं त्यानं ठरवावं. काका म्हणाले, डाव्या डोळ्यावर दिवसभर पट्टी बांधा, म्हणजे उजवा झक मारत शिकेल. कप्तान फोनवर म्हणाली, रायफलच डाव्या खांद्याला लावा. नवऱ्यानं रात्रभर मोबाइलवर वाचून सकाळी जाहीर केलं की दोन्ही मतं बरोबर आहेत आणि दोन्ही घातक आहेत. सासूबाईंचं म्हणणं होतं, "पट्टी बांधून बघायचं असेल तर मग बघायचंच कशाला?" बाईंनी सगळ्यांचं ऐकलं, आणि जो दारात रोज येऊन विचारपूस करणार होता त्याचा सल्ला मानला. फाटक्या छत्रीचं काळं कापड कापून त्यांनी पट्टी शिवली आणि डाव्या डोळ्यावर बांधली.

एका डोळ्यानं चालणारी ग्रंथपाल ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. जिन्याच्या पायऱ्या सपाट दिसतात. चहाचा कप टेबलाच्या अलीकडे ठेवला जातो. ग्रंथालयात जे विद्यार्थी तीन-तीन महिने पुस्तकं दडवून बसले होते ते आपण होऊन आणून देऊ लागले, आणि "काळजी घ्या मॅडम" असं म्हणू लागले. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, संपूर्ण बोलणं पट्टीकडे पाहून केलं आणि शेवटी म्हणाले, "रजा हवी असेल तर संकोच करू नका. दोन्ही... म्हणजे... एक तरी डोळा महत्त्वाचा." बाईंनी खरं कारण सांगायचा प्रयत्न केला. क्लबासाठी सराव करताना डोळा झाकावा लागला, एवढं त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी 'सराव करताना' आणि 'डोळा' एवढंच ऐकलं आणि झेरॉक्सवाल्याला फोन लावला.

इकडे भिंगरीला पट्टी हवी होती. न दिल्यास जेवणार नव्हती. दिली. ती पट्टी बांधूनच बालशाळेत गेली, आणि शाळेतून दुपारी चिठ्ठी घेऊन परत आली: 'आपल्या घरात डोळ्यांची साथ असल्याचे दिसते. पाल्यास बरे झाल्याचा दाखला घेऊनच पाठवावे.'

बाई भिंगरीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.

"काही झालेलं नाही हिला."

"तेच लिहून द्या."

"काय लिहू? बरी झाली असा दाखला देता येतो. पण आधी आजारी पाहिजे ना. आजारीच नव्हती तर बरी कशी होईल?"

"मग आजारी होती असं लिहा आणि बरी झाली असं लिहा."

"खोटं लिहू?" डॉक्टर दुखावले. बाई ओशाळल्या. भिंगरीनं मध्ये तोंड घातलं, "मला खोकला होता. मागच्या वर्षी." डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा खोकला बरा झाल्याचा दाखला दिला. शाळेनं तो परत पाठवला.

म्हणून मग पाच दिवस भिंगरी ग्रंथालयात काउंटरच्या खाली बसून होती. तिला गुंतवायला बाईंनी एक जुना शिक्का आणि रद्दी दिली. दुर्दैवानं महासंघाकडे पाठवायचा परीक्षेचा अर्जही त्याच टेबलावर होता. तो पाकिटात जाताना बाईंनी पाहिला असता. पण त्या बाजूला पट्टीचा डोळा होता. महासंघाच्या कार्यालयात कारकुनानं अर्ज उघडला तर त्यावर सात ठिकाणी ठळक शिक्का: 'परत केले'. महासंघानं एकदा परत केलेला अर्ज पुन्हा स्वीकारण्याची तरतूद नाही असं सांगून त्यानं तो परत केला. बाई स्वतः गेल्या. आम्ही परत केलाच नव्हता तर आमच्याकडे पुन्हा आला कसा, असं त्यानं विचारलं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. किल्ली, पट्टी, खोकला, शिक्का. कारकून शांतपणे ऐकत होता. शेवटी त्यानं कोरा अर्ज पुढं केला आणि एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही घरी जाऊन झोपा जरा."

नाणं मात्र टिकू लागलं होतं. दहाव्या दिवशी पंचावन्न सेकंद. अकराव्या दिवशी साठ. बाराव्या दिवशी साठ झाले तरी बाई हलल्या नाहीत. पडदा लावायला कुणीतरी दांडा मागत होतं, तेही त्यांना ऐकू आलं नाही. क्लबाच्या खोलीत खरी रायफल हातात घेतल्यावर दहापैकी सहा छर्रे काळ्या गोलात गेले, आणि कप्तानाच्या तोंडून 'शाबास' निघालं. आपल्याला शेवटचं शाबास कुणी कधी म्हटलं होतं ते बाईंना आठवेना.

परीक्षेच्या दिवशी भिंगरीला सासूबाईंकडे सोपवून बाई निघाल्या. शाळेचा प्रश्न तोपर्यंत आपोआप सुटला होता: भिंगरीनं पट्टी बाहुलीला बांधली आणि शाळेला तेवढं पुरलं.

महासंघाची रेंज म्हणजे पत्र्याची लांब शेड. दहा लेन, प्रत्येक लेनच्या टोकाला एक पांढरा कागद, कागदावर मध्ये काळा गोल. बाईंना तीन नंबर मिळाला. चार नंबरला एक आडदांड व्यायामशिक्षक उभे होते. गळ्यात शिट्टी, कपाळावर घाम.

"तुमचा सराव किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौदा दिवस. पडद्याच्या दांड्यावर."

"बरं आहे. मी छत्रीवर केला." शिट्टीसरांनी कपाळ पुसलं. "खरं सांगू का मॅडम, मी शिट्टी मारली की चारशे पोरं जागच्या जागी उभी राहतात. पण हे फट् वाजलं की माझे डोळे मिटतात. दोन्ही. आमच्याकडे रेंज नवी, रायफली नव्या. विद्यार्थी एकच उरलाय. संघाला तीन लागतात. तरी प्राचार्य म्हणाले, जाऊन या."

परीक्षकांनी हात वर केला. ते म्हातारे, किडकिडीत गृहस्थ होते, खिशात भिंग. "दहा छर्रे. वीस मिनिटं. घाई नाही."

मागच्या काचेपलीकडे बाकावर कप्तान, चष्मिस आणि, चक्क वेळेवर, लेटलतीफ बसले होते. बाईंनी पट्टी नीट केली, पाय रोवले, रायफल गालाला लावली आणि तिच्यावरच्या, नेम धरायच्या बारीक भोकातून पाहिलं. भोकात काळा गोल अलगद येऊन थांबला, बोगद्याच्या टोकाला थांबलेल्या गाडीसारखा. कंबर हलली नाही. फट्. पुन्हा छर्रा, पुन्हा श्वास, पुन्हा गोल. फट्. शेजारी शिट्टीसर दर वेळी "आई गं" म्हणत होते तेही दूर कुठंतरी राहिलं. दहावा छर्रा सुटला तेव्हा बाईंना अगदी मनापासून वाटलं, हे जमलं. हे एवढं एक काम आपण कुणालाही न विचारता नीट केलं.

दोरीवरून कागद सरसरत पुढं आले.

तीन नंबरचा कागद कोरा होता. एक भोक नाही. दुकानातून आत्ता आणल्यासारखा.

चार नंबरच्या कागदाची चाळण झाली होती.

परीक्षकांनी भिंग काढलं. मोजलं. पुन्हा मोजलं. "एकोणीस."

"आणि विसावं?" शिट्टीसरांनी विचारलं.

परीक्षकांनी वर पाहिलं. छताच्या पत्र्यात एक नवाकोरा उजेडाचा ठिपका होता. "ते तिथं गेलं. ते कुणाचं ते मी विचारत नाही." मग ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही शेजाऱ्यांच्या कागदावर मारत होतात. होतं असं. भोकातून एकच गोल दिसतो, आणि सगळे गोल सारखेच असतात."

"डोळ्यामुळे का? माझा मालक डावा आहे..."

"डोळ्याचा काय संबंध? पाय बघा तुमचे. चार नंबरकडे रोवलेत. पाय जिकडे, रायफल तिकडे."

बाईंनी पाय पाहिले. चौदा दिवस सगळं घर, सगळी इमारत, एक डॉक्टर आणि एक बालशाळा डोळ्यांत गुंतली होती. पायांचं कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं.

कागदावर मधोमध, काळ्या गोलात, दहा-अकरा भोकांचा घट्ट पुंजका होता. उरलेली कागदभर गोवर उठावा तशी.

"मधली मॅडमची," शिट्टीसर लगेच म्हणाले. "मी डोळे मिटून मारत होतो."

"कशावरून?" बाई म्हणाल्या, आणि आपण हे का म्हणतोय ते त्यांनाही कळेना. "मिटल्या डोळ्यांनी लागत असतील एखाद्याचे. तुम्ही छत्रीवर सराव केलाय."

"अहो, मी छतावर मारलाय!"

"छतावरचा माझाही असेल."

"भांडू नका," परीक्षक म्हणाले. "छऱ्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. तुमच्या पुस्तकांसारखे शिक्के नसतात त्यांवर." त्यांनी नियमावलीचं पान काढलं आणि खड्या आवाजात वाचलं. "एका कागदावर दहापेक्षा अधिक छिद्रे आढळल्यास व ती कोणाची हे ठरवणे अशक्य असल्यास, त्यांतील सर्वोत्तम दहा त्या कागदाच्या धन्याची धरावीत. चार नंबर, ब्याण्णव. उत्तीर्ण, विशेष प्रावीण्यासह. तीन नंबर, शून्य."

"फेरपरीक्षा?" बाईंनी विचारलं.

"दीड महिन्यानं."

हंगाम आठ दिवसांवर होता.

काचेच्या पलीकडे जायला दहा पावलं होती. बाईंनी आयुष्यात एवढी लांब दहा पावलं टाकली नव्हती. कप्तान उठून उभी राहिली. तिनं कागद पाहिले होते. तिला काही सांगावं लागलं नाही.

"शून्य?" ती म्हणाली.

"शून्य," बाई म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "किंवा ब्याण्णव. नक्की नाही सांगता येत."

कप्तान हसली नाही. रडलीही नाही. तिनं खाली पाहत कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाईंना होईल गं म्हणायचं होतं. पहिल्यांदाच ते तोंडातून निघेना.

तेवढ्यात पाठीमागून शिट्टी वाजली. सगळी शेड जागच्या जागी उभी राहिली. शिट्टीसर नियमावली छातीशी धरून धावत येत होते.

"थांबा! पान सत्तावीस! संयुक्त संघ! दोन महाविद्यालयांचे विद्यार्थी मिळून एक संघ करता येतो. तीन खेळाडू, एक राखीव. प्रमाणित प्रमुख एकच असला तरी चालतं. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, कसं आलं ते जाऊ दे. तुमच्याकडे तीन पोरं आहेत. माझ्याकडे एक."

"राखीव मी राहतो," लेटलतीफ म्हणाला. "तसाही मी उशिरा येतो."

"पण सर, शिकवणार कोण?" कप्तानानं विचारलं.

"मला शिट्टी येते. बाकी तुमच्या मॅडम."

"मी? मला शून्य मिळालंय."

कप्तानानं कोऱ्या कागदाकडे पाहिलं, मग त्या पुंजक्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग बाईंकडे. "चौदा दिवसांत तुमचं डुलणं गेलं, मॅडम. माझं अजून गेलं नाही. माझं बाहेरून दिसत नाही एवढंच. मॅडम शिकवणार असतील तर माझी सही घ्या, सर."

अर्ज त्याच खिडकीत त्याच कारकुनाकडे गेला. त्यानं बाईंना ओळखलं आणि अर्ज सात वेळा उलटून पाहिला, शिक्का नव्हता. प्रमुखाच्या रकान्यात शिट्टीसरांचं नाव. त्याखाली बाईंचं, आणि पदनामाच्या रकान्यात कारकुनानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सहायक (अप्रमाणित)'. बाईंनी ते वाचलं, पेन मागितलं, आणि त्यासमोर अशी झोकात सही केली की शेवटची रेघ कागदाबाहेर जाऊन टेबलावर उमटली. कप्तानाचा हंगाम लागला होता.

निघताना शिट्टीसरांनी चार नंबरचा कागद बाईंच्या हातात दिला. "तुम्ही ठेवा. माझ्या घरी ब्याण्णववर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि हा बघितला की मला झोप यायची नाही."

घरी पोचल्यावर सगळ्यांनी एकदमच विचारलं आणि बाईंनी एकदमच सांगायचा प्रयत्न केला, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कुणालाच काही कळलं नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे पास की नापास?" सासूबाई म्हणाल्या, "अरे, संघ जातोय ना? मग झालं." मोजणीकाका भिंग घेऊन खाली आले, त्यांनी पुंजक्याचा मध्य काढला, कोन काढला, वहीच्या पानावर रेघा मारल्या आणि शेवटी ठामपणे सांगितलं की मधली सगळी बाईंचीच. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि तितक्याच ठामपणे सांगितलं की नसतीलही.

भिंगरी मध्ये घुसली. तिनं काकांच्या हातातून कागद काढून घेतला आणि खिडकीच्या उन्हात दोन्ही हातांनी वर धरला. एकोणीस भोकांतून एकोणीस उजेडाचे ठिपके आले आणि तिच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर सांडले. तिनं एकेक भोक बोटानं मोजलं. पंधरा नेहमीप्रमाणे गाळलं, म्हणून वीस झाले. मग तिनं कागद खाली केला, आईला हाताला धरून शेजारी बसवलं आणि कागद दोघींच्या मांडीवर नीट पसरला.

"आई," तिनं विचारलं, "यातली तुझी भोकं कुठली?"